वाजवून बघितलेली रिम

बसा हो. लाइट गेली तर गेली, कंदील आहे. उर्मिला खाली भाजीला गेलीय, ती यायच्या आत सांगून टाकतो. आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात उभा जन्म गेला. पत्रा आणि पॉलिश, एवढंच कळतं मला. आणि ही गोष्टसुद्धा सुरू होते ती गाडीच्या एका वाकड्या रिमपासून.

मी आणि उर्मिला उत्तनहून मासळी घेऊन येत होतो. पावसाळा नुकताच संपलेला, रस्त्याची नुसती चाळण. राई गावाच्या वळणावर आमच्या मारुतीचं पुढचं चाक धाडकन खड्ड्यात गेलं. स्टेपनी लावून कसेबसे एडविनच्या गॅरेजपर्यंत आलो. त्याने टायर उतरवला, रिम ठोकून ठोकून गोल केली, आणि मग डोकं खाजवत बसला.

"अंकल, सरल झाली हाय. पन लांब जायचं असंल तर नवी घ्या. आत तडा गेला असंल तर वरून दिसत न्हाय."

"दिसत नाही म्हणजे नाहीच," मी म्हटलं. "भांड्याला पोचा आला म्हणून भांडं फेकतोस काय रे?"

"तुमी बोलाल तसं. उद्या सांगा. हिच्यावर नायतर नवीवर, टायर चढवून देतो."

लांब तर जायचंच होतं. त्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं, महाडजवळच्या गावी. उर्मिला त्यांची एकुलती एक लेक, तिला पोचायलाच हवं होतं. गोवा हायवेवर शेजारी बायको बसलेली आणि खाली हे चाक. म्हटलं, डोळ्यांखालून घालू एकदा. रिम उचलली आणि जेसल पार्कला घरी आणली.

आमचे सासरे, राघोबा, हाडाचे कुंभार. उजव्या हातात तांब्याची अंगठी, आणि दिसेल ती वस्तू त्या अंगठीने वाजवून बघायची खोड. मडकं, नारळ, आमच्या फ्लॅटची भिंतसुद्धा सोडली नाही! लग्नात भर मांडवात लेकीच्या पाठीवर टिचकी मारली आणि मला म्हणाले, "जावईबापू, वाजवून देतोय. पक्की भाजलीय." सगळा मांडव हसला. पुढे ती माहेराहून निघाली की पाठीवर ती टिचकी ठरलेली. आमचा वादही ठरलेला. मी म्हणायचो, स्टील म्हणजे तुमची माती नव्हे, ठोकलं की पुन्हा कामाला उभं. ते तंबाखू मळत म्हणायचे, "पोचा निघतो हो. तडा निघत नाही."

तर त्यांचीच रीत वापरली मी. गॅलरीत झोपाळ्याचा जुना हूक आहे, त्याला दोरीने रिम टांगली आणि पान्याने ठोका दिला. टण्ण! असा स्वच्छ आवाज की समोरच्या बिल्डिंगमधला कुत्रा भुंकला.

"ऐकलंस?" मी उर्मिलाला म्हटलं. "तुझ्या बाबांनीसुद्धा पास केली असती."

तिन्हीसांजा झाल्या होत्या. लाइट गेली, तिने देवापाशी दिवा लावला, आणि आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. खाली जनरेटर लावायची कोणाची तरी खटपट चालली होती, ती थांबली. अगदी शांत झालं.

...बद्.

गॅलरीतून आला आवाज. फुटक्या मडक्याचा येतो तसा, मेलेला.

"वारा असेल," मी म्हटलं. वारा नव्हता. दिव्याची ज्योत हलत नव्हती.

गॅलरीत गेलो. रिम हळूहळू झुलत होती. आणि वास... ओल्या मातीचा, त्यात धूर मिसळलेला. मडकी भाजायच्या आव्याजवळ उभं राहिलं की येतो तो. जेसल पार्कला चौथ्या मजल्यावर आवा कुठून येणार? मी पान्याने पुन्हा ठोका दिला. टण्ण! खणखणीत. मला हायसं वाटलं. वळलो, उंबरठ्यापर्यंत आलो...

बद्.

उर्मिलाने माझी बाही घट्ट धरली. "अहो... हा हात बाबांचा आहे," ती पुटपुटली. "लहानपणापासून ऐकलाय. ही रिम नको. मी नाही बसणार ह्या चाकावर."

खरं सांगतो, मला राग आला. एवढी सरळ झालेली वस्तू, आणि टाकायची कशासाठी? पण ती माझी बाही सोडेना. वाद नाही घातला मी.

सकाळी एडविनला म्हटलं, नवी बसव. का, ते सांगितलं नाही. त्याने जुनी रिम कोपऱ्यात टाकायला उचलली, सहज हातातल्या चिंधीने पुसली, आणि थबकला. बोल्टच्या भोकापासून मागच्या बाजूने केसासारखी चीर गेली होती.

"आयला! काल मी एवढी ठोकली, मला न्हाय दिसली. अंकल, तुमाला कशी दिसली?"

काय सांगणार? नव्या रिमचे पैसे मोजले आणि निघालो.

नव्या रिमवर सुखरूप गेलो, सुखरूप आलो. सासऱ्यांच्या फोटोला हार घालताना डोळे भरून आले माझे. म्हटलं, राघोबा, जिंकलात तुम्ही. मेल्यावरही लेकीची काळजी घेताय. भीती पार गेली. उलट बरं वाटायला लागलं की घरावर कोणाचं तरी लक्ष आहे.

आणि परवा... ऐकताय ना?

परवा तिन्हीसांजेला कामावरून आलो. दारातच बुटाची नाडी सोडत होतो. उर्मिला आत, दाराकडे पाठ करून मेथी निवडत बसली होती. गॅलरीतला हूक रिकामा. आणि तो वास आला. ओली माती, धूर.

...बद्.

ह्या खेपेला गॅलरीतून नाही.

"इश्श! अहो, घाबरले ना मी!" ती मागे न बघताच हसली. "बाबांसारखं पाठीवर वाजवायला कधीपासून शिकलात?"

मी दारात होतो हो. नाडी माझ्या हातात होती.

जवळ कसा गेलो ते आठवत नाही. तिच्या पिवळ्या ब्लाउजवर, पाठीच्या मधोमध, रुपयाएवढा ओल्या मातीचा ठिपका होता. मी तळहाताने पुसला.

"गप्प का?" ती म्हणाली. "पक्की आहे ना मी?"

"खणखणीत," मी म्हटलं.

काल डॉक्टरकडे चल म्हटलं तर हसते. म्हणते, मला काय धाड भरलीय? तिला काय सांगू, तुम्हीच सांगा. रिमचं एक बरं होतं, बाजारात नवी मिळाली.

थांबा... जिन्यात तिचीच चप्पल वाजतेय. ह्यातलं एक अक्षर तिच्यासमोर काढू नका. चहा कसा झालाय, ते बोला.