लग्नाआधीची लस

रिसोडच्या दवाखान्याजवळचं मेडिकल बंद नसतं, तर रिंकू नमनच्या मेडिकलवर आलीच नसती. येत्या रविवारी नमन तिलाच पाहायला जाणार होता. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघेही माहीत नसल्यासारखे वागत होते.

बाहेर भुरभुर पाऊस. तिच्या केसांतून एक थेंब काउंटरवर पडला. तो पुसावा की राहू द्यावा, हे नमनला ठरवता येईना.

तिने चिठ्ठी पुढे केली. बोटाला बोट लागलं... आणि नमनने वरचं नाव वाचलं. बाळंतपणाचा दवाखाना.

"रुबेलाची लस आहे का?"

"क... कितवा महिना?"

"श्रावण," रिंकू म्हणाली.

नमनने डी.फार्म. केलं होतं. त्यात लसींचा धडाही होता. नमनने तो ऑप्शनला टाकला होता. बाईला दवाखान्यातून सुई लिहून दिली म्हणजे तिला दिवस गेले, एवढं ज्ञान मात्र त्याला न शिकता आलं होतं.

"पण तुमचं तर लग्न नाई झालं!"

"म्हणूनच घेऊन राह्यली ना! दिवस राह्यच्या आधी घ्याची असते ते. कॉलेजात सिस्टर आल्त्या. फॉर्म देला — गरोदरपणाआधी कोणती लस घ्यावी? एम.ए.च्या एकोणतीस पोरींनी लिहिलं, 'लागू नाही'. मीनंही. मंग सिस्टरनंच समजावलं."

नमनचा चेहरा अजून पांढराच. "लस... संपली," तो म्हणाला. फ्रिजमध्ये दोन होत्या.

रिंकूने चिठ्ठी उचलली, छत्री उघडली आणि मागे न पाहता गेली. तिच्या पाठोपाठ, पावसामुळे आडोशाला थांबलेला पानवाला लखीराम भर पावसात निघाला. त्याला बातमी पोचवायची होती.

सांजेपर्यंत ती बातमी नमनच्या आईपर्यंत, अंगुरीबाईंपर्यंत पोचली.

"रविवारी जायाचं नाई. बाळंतपणाची सुई घेऊन राह्यली म्हणे ते पोरगी!"

नमनने मघाशीच माळ्यावरून पुस्तक काढून तो धडा वाचला होता. परीक्षेनंतर पाच वर्षांनी.

"आई, मी गाढव आहो. ते बाळंतपणाची नाई. गरोदरपणात रुबेला झाला, आंगावर लाल पुरळ आलं, तं लेकराचं हृदय, कान, डोळे... म्हणून आधीच घेतात."

अंगुरीबाई एकदम पुढे सरकल्या.

"लाल पुरळ?"

"हो."

"तुह्या आधी एक पोरगी झालती मले."

नमन पाहतच राहिला. सत्तावीस वर्षांत हे त्याने पहिल्यांदा ऐकलं.

"सहाव्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणे हृदयच कच्चं. मले तिसऱ्या महिन्यात आंगभर पुरळ आल्तं. सासू म्हणे उष्णता आहे, सब्जा पी... मले आजलोक वाटे, मीनंच काई खाल्लं असन."

मग अंगुरीबाईंनी पदराने डोळे टिपले.

"रविवारी जायाचं. अन् सोमवारी तिच्यासंग दवाखान्यात मी जातो. लखीराम्याले सांग, हेही सांग म्हणा गावाले."

रविवारी, मोठ्यांनी चहा लांबवून दोघांना खिडकीशी मोकळं सोडलं.

"लस सापडली म्हणे?" रिंकूने विचारलं.

"दोन होत्या."

"मंग खोटं काहून बोलले? गाव काय म्हणन म्हणून?"

"गावाचा इचारच नाई आला." नमन खिडकीच्या गजाशी बोलत होता. "वाटलं... तू कोन्या दुसऱ्याची झाली. रविवार येच्या आधीच."

रिंकूच्या गालावरची लाली पुरळ नव्हती, एवढं आता नमनलाही ओळखता आलं.

"लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्याचे नाईत, असं डॉक्टर म्हणे," ती पुटपुटली.

"महिन्याचं काय... चातुर्मास आहे. आपल्यात दिवाळीलोक लग्नच नाई लागत."

"इतके दिवस?"

हे आपल्याच तोंडून निघालं, हे कळायला रिंकूला एक क्षण लागला. त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा धक्का तिलाच बसला.