काही सापडले नाही

सुगत पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आला, तेव्हा मी मान वर न करताच म्हणाले, "चिठ्ठी लिहा अन् पेटीत टाका."

आमच्याकडे रीतच ती. वाचक चिठ्ठी टाकतो, मी पुस्तक काढून ठेवते. त्यानेही निमूट चिठ्ठी टाकली. मी उघडली – 'मी वाचक नाही. तुमची वेबसाईट कराले आलो. पाणी मिळन काय?'

वरठीहून मोटरसायकलवर आलेला, धुळीने माखलेला... आणि हसणं मात्र स्वच्छ! मी पाणी दिलं. घरी जाईपर्यंत ते हसू काही डोक्यातून गेलं नाही.

वेबसाईट झाली. वर एक रिकामी चौकट, शेजारी नुसतं 'शोधा'. वाचकांनी तिलाच पेटी समजून चिठ्ठ्या टाकल्या! रोज वाचायला येणाऱ्या पुंडलिकरावांनी लिहिलं, 'दीपमाला, बुधवारी अर्धवट राहिलेलं पुस्तक ठेवून दे.' उत्तर आलं, 'काही सापडले नाही.' म्हातारा रुसला ना!

"दीपमाला, तू तं अशी तोडून कधी बोलली नाही बाई!"

मग दर शनिवारी सुगत न सापडलेल्या शोधांची यादी आणायचा. दोघं वाचायचो, तो दुरुस्त करायचा, मी तीच ओळ पुन्हा लिहून तपासायची. चौकटीवर आलं – 'पुस्तकाचं, लेखकाचं किंवा विषयाचं नाव लिहा.' खाली एक उदाहरणही आलं. यादी आखडत गेली, आणि मी वेडी त्याचंच दुःख करत बसले.

"काम सरत आलं. मंग तुमचं तोंड काहून उतरलं?"

"उन्हानं."

"पंख्याखाली?"

त्यातच त्याला पुण्याची नोकरी आली. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. माझी जीभ काही उचलेना. शेवटी शुक्रवारी वाचनालय बंद करताना मी त्या चौकटीत लिहिलं, 'सुगत, पुण्याले नको जाऊ.'

'काही सापडले नाही.'

उद्या तो ही ओळ वाचणार, हे ठाऊक असूनच लिहिलं होतं. तरी शहापूरला घरी पोचेपर्यंत परत जाऊन ती पुसावीशी वाटत होती.

शनिवारी तो आला. माझ्याकडे बघेचना.

"दोनच ओळी निघाल्या. एक रुखमिणीबाईची, धानाच्या रोगावरचं पुस्तक. ते आता विषयावरून सापडते. दुसरी... घरूनच दुरुस्त केली. तू तपासून पाह्य. मी बाहेर आहो."

'तुम्ही'वरून 'तू'वर आलेलं माझ्या लक्षात आलं. मी चौकटीत तीच ओळ लिहिली.

'सापडले : १. सुगत. पुण्याला जात नाही. जागा : दाराबाहेर, गाडीपाशी.'

मी बाहेर धावले. तो गाडीचा एकच आरसा पुसत बसला होता.

"अन् नोकरी?"

"सकाळीच 'नाही' म्हणून सांगतलं. मले तू आवडते, दीपमाला. पाणी देल्लं तेव्हापासून."

"अन् चौकटीत दुसऱ्या कोणी हेच लिहिलं तं?"

"तं आधी तुले सांगीन!"

मला हसू फुटलं, डोळेही भरले. आत जाऊन एक चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या हातात दिली – 'मलेही.'

त्याने ती दोनदा वाचली. "पेटीत टाकाची काय?"

"नाही," मी म्हणाले, "ही तुझ्यापाशीच ठेव."