त्या दिवशीचा परवलीचा शब्द

पलटण मोडल्याचं कळलं तेव्हा सुभेदार जयसिंगराव शितोळे बायकोला पोचवून स्मशानातून परतले होते. पाय धुवायच्या आत जमादार अप्पासाहेब दारात आले. ते म्हणाले, "साहेब, हुकूम आला. पलटण बरखास्त. हत्यारं जमा करून सगळे आपापल्या घरी."

"बरं," जयसिंगराव म्हणाले. एकाच दिवशी दोघी गेल्या, एवढंच त्यांच्या मनात आलं.

होळकरांचं संस्थान मध्यभारत प्रांतात विलीन झालं होतं, आता फौजही गेली. जवान पांगले. कोणी गिरणीत लागला, कोणी टांगा घेतला. अप्पासाहेबांनी म्हैस घेतली. "जवानांपेक्षा बरी," ते सांगत, "निदान कदम चुकत नाही."

पलटणीची एक गंमत फक्त जयसिंगराव आणि लक्ष्मीबाई या नवराबायकोला ठाऊक होती. पहाऱ्यासाठी रोज नवा परवलीचा शब्द लागे. तो ठरवायचं काम सुभेदारांचं, आणि त्यांना शब्द सुचत नसत. सकाळी लक्ष्मीबाई चुलीपासून विचारत, "अहो, आज काय भाजी करू?" हे जी भाजी सांगत, तोच त्या दिवशीचा शब्द. फाटकावरचा पहारेकरी "हुकुमदर!" असं दरडावी. साहेबाचं 'हू कम्स देअर' पलटणीच्या तोंडी असंच बसलं होतं. येणाऱ्यानं "फरेंड" म्हणायचं आणि शब्द सांगायचा. पहारा बदलायला आलेल्यालाही ते चुकत नसे. शब्द मिळाल्याशिवाय पहारेकरी जागा सोडत नसे. एकदा एका बड्या अधिकाऱ्याला "दोडका" म्हणावं लागलं. ते ऐकून लक्ष्मीबाई इतक्या हसल्या की तव्यावरची पोळी करपली. "उद्या कारलं करते," त्या म्हणाल्या. "बघू कसं तोंड करतो!"

दिवाळी झाल्यावर अप्पासाहेब एकदा दुधाची चरवी घेऊन आले ते घाम पुसतच.

"साहेब, गार्डरूम बोलतेय."

"सकाळीच चढवून आलात का?"

"म्हशीची शपथ! बाहेर सरकारी कुलूप, आत चिटपाखरू नाही. आणि फाटकाशी गेलं की हुकुमदर! एक बाबू तिथं दफ्तर थाटायला आला होता, तो सायकल टाकून पळाला. लोक हसतायत साहेब. म्हणतात, क्या भिया, पलटन मर गई पर पहरा नी छूटा!"

पलटणीला कोणी हसावं हे जयसिंगरावांना खपण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी दोघे लालबागेकडच्या जुन्या बराकींवर गेले. उन्हं कलली होती. फाटकासमोर गराडूवाला कंदाच्या फोडी तळायला कढई चढवत होता. जयसिंगरावांनी गार्डरूमचं कुलूप ओढून पाहिलं, खिडकीतून डोकावले. रिकामी खोली. धुळीवर एकही पाऊल नाही. पण आत बूट वाजत होते. जात होते, वळत होते, परत येत होते.

"हुकुमदर!"

अप्पासाहेब सवयीनं ताठ झाले. "फरेंड!"

बूट थांबले.

"शब्द मागतोय," अप्पासाहेब कुजबुजले, आणि जुने आठवतील ते शब्द ओरडू लागले. "गिलकी! मेथी! गराडू!"

"लाया साहब!" म्हणत गराडूवाला पुडा बांधायला लागला. दोघांनाही हसू आवरेना. आत बूट पुन्हा चालू लागले.

हसता हसता जयसिंगरावांच्या ध्यानात आलं. शेवटच्या दिवशी शब्द दिलाच गेला नव्हता. लक्ष्मीबाई पहाटेच गेल्या होत्या. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितला नाही. शब्द नाही, म्हणून पहारा सुटला नाही. तो सोडवणं त्यांचंच काम होतं.

"तुम्ही मागे व्हा," ते म्हणाले. "मी देतो."

ते दाराला अगदी लागून उभे राहिले.

"हुकुमदर!"

"फरेंड."

बूट थांबले.

मग आत बांगड्या वाजल्या.

"अहो," दाराला लागूनच आवाज आला, "आज काय भाजी करू?"

फोडणीचा वास आला. हिंग जरा जास्त, नेहमीसारखा.

जयसिंगरावांच्या ओठांवर शब्द आला होता. तो दिला की पहारा सुटणार. मग विचारायलाही कोणी उरणार नव्हतं.

"काय झालं साहेब?" मागून अप्पासाहेबांनी विचारलं. "दिलात शब्द?"

"उद्या देतो," जयसिंगराव म्हणाले.

बाबूचं दफ्तर दुसरीकडे गेलं. लोक अजून हसतात. जयसिंगराव रोज संध्याकाळी तिथं जातात, गराडूवाला त्यांना बसायला स्टूल देतो. ऊन कललं की खिडकीतून आतली जमीन दिसते. धुळीत विळी मांडलेली आहे, शेजारी ताट आहे, ताट रिकामं आहे.

शब्द द्यायचा राहिला आहे.