सचिवांचा आवाज

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर कासारखडीची एकशे बारा घरं हिरवी झाली होती. म्हणजे माणसं बाहेर पडली होती. एकच घर लाल राहिलं होतं, आणि ते नेमकं बचावप्रमुख वैजयंताच्या वडिलांचं. गणू चौगुले. दोन म्हशी आणि डोंगराएवढा हट्ट.

वादळ घाट चढून आलं होतं. पन्नास मिनिटांत धरणाचे दरवाजे उघडणार होते.

"तीनदा फोन केला," वैजयंता म्हणाली. "म्हणतात, मागच्या पुरातबी उंबरा सोडला न्हाई, तू मला शिकवू नगंस."

"मग स्वरदूताला सांगू दे," कक्षातला तंत्रज्ञ इरफान मुल्लाणी म्हणाला.

स्वरदूत ही इरफानचीच करामत. सरकारी भोंगा ऐकतं कोण? माणूस माहितीवर नाही, माणसावर विश्वास ठेवतो. म्हणून हे यंत्र जुन्या फोनांवरून शोधायचं, की कोणी सांगितलं म्हणजे हा गृहस्थ खरोखर हलतो. मग त्याच आवाजात फोन करायचं. आवाज उसना द्यायला ग्रामसभेने संमती दिली होती.

"तुझाच आवाज निवडेल बघ," इरफान म्हणाला.

यंत्राने निवडले बापू खोत, दूध संस्थेचे सचिव.

वैजयंता उसळली. "पोटच्या पोरीपेक्षा दुधाची फॅट मोजणारा जवळचा!"

फोन लागला. यंत्र खोतांच्या आवाजात बोललं, "गणू, म्हशींची दावी सोड. पोहून निघतील त्या. तू नावेत बस."

दहा मिनिटांनी लाल घर हिरवं झालं.

संध्याकाळी त्या घराच्या माडीपर्यंत पाणी चढलं. वैजयंता छावणीत पोचली, तेव्हा तिचे वडील, तात्या, आणि सचिव शेजारी बसून शेंगा फोडत होते.

तिला राहवलं नाही. "सचिवांचं ऐकलंत. माझं नाही."

"माझं?" सचिव हसले. "अगं, फोन वाजला तेव्हा मी ह्याच्याच माडीवर होतो. मलाबी कुठं निघायचं होतं! तोंडात माझ्या तंबाखू, आणि फोनवर मीच बोलतोय!"

"म्हणजे यंत्र आहे हे कळलं होतं? मग निघालात कशाला?"

तात्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तू जल्मात मला खोटं बोलली न्हाईस. म्हटलं, आज पोरगी दुसऱ्याचं तोंड लावून बोलतीया. म्हंजे पाणी खरंच येणार."

वैजयंताला रडू आवरेना.

"रडू नगंस," तात्या म्हणाले. "पुढल्या पुराला तुझ्याच आवाजात सांग. चौथ्या फोनाला उठतो."