बीजांक ४१७१

चांद्रचालक प्रशिक्षण केंद्राच्या पडद्यावर चंद्राची जमीन उलगडली आणि विश्राम केळुसकरांच्या पोटात दुखू लागलं. पंधरा वर्षं इथली जमीन त्यांच्याच संगणक-सूत्रातून उगवत होती. त्यांच्या पहिल्या डोंगराचं, जोडसुळक्यांचं चित्र भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. आणि आता ही कालची पोर, केतकी उमाळे!

"मला खडकातलं कळतं, संगणकातलं नाही. सोपं करून सांग," संचालिका डॉ. रझिया मुलाणी केतकीला म्हणाल्या.

"मॅडम, जमीन आम्ही साठवत नाही. एक आकडा पेरतो, बीजांक. सूत्र त्यातून खड्डे, खडक पिकवतं. बीजांक तोच तर जमीन तीच, खडा न् खडा. माझं सूत्र बारापट वेगवान आहे, आणि जुन्यातले ते उभे-आडवे पट्टेही गेलेत."

पट्टे! केळुसकर ताडकन उठले.

"सर, तुमच्या जुन्या डोंगरांबद्दल एक—"

"मला नको शिकवूस!" म्हणत ते बाहेर पडले. पट्टे होतेच, पण आपला तो बाब्या.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. केतकी जिंकली की त्यांचं सूत्र कायमचं अडगळीत जाणार. सगळे चहाला गेलेले पाहून ते तिच्या यंत्रापाशी बसले. चाचणीतल्या चांद्रगाडीची वाट तिच्या जमिनीवर आधीच आखलेली. जमीनच बदलली तर गाडी आदळणार आणि केतकीची फजिती होणार. तिच्या बीजांकाच्या जागी, मनात पहिला आला तो आकडा त्यांनी ठोकला. ४१७१, जुन्या स्कूटरचा. बोटांना सवयच होती.

चाचणीत गाडी शंभर पावलं गेली आणि कड्यावर आदळली.

"घाई केलीस गं," केळुसकर हळहळले. मनातून त्यांना उकळ्या फुटत होत्या.

केतकीचं गाडीकडे लक्षच नव्हतं. ती डोंगराकडे बघत होती, मग भिंतीकडे. तेच जोडसुळके, डावीकडे तोच कलता खडक.

"ही माझी जमीन नाही," ती म्हणाली. "सर, काल मी हेच सांगत होते. तुमचे जुने बीजांक नव्या सूत्रातही तीच जमीन देतात. महिनाभर त्यासाठीच झटले. तुमचा एकही डोंगर बुडू नये म्हणून."

मुलाणीबाईंनी चित्र नीट निरखलं.

"केळुसकर, याचा बीजांक कुणाकुणाला ठाऊक आहे?"

केळुसकरांनी पडद्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत प्रथमच त्यांचा डोंगर बिनपट्ट्यांचा, लख्ख उभा होता, आणि त्यांना त्याच्याकडे बघवेना.