चालू करू का, साहेब?

कंपनीत ड्रायव्हर त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे डिझेलमास्तर. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून कोण किती डिझेल जाळतो, हे हुडकून काढणं हेच त्याचं काम, आणि ते तो अगदी मन लावून करी. गाडी पाच मिनिटांहून जास्त थांबली की इंजिन बंद, हा नियम त्याचाच. थेंबे थेंबे तळे साचे, असं तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगे. ड्रायव्हर माना डोलावत आणि बाहेर पडून पोट धरून हसत.

त्या दिवशी तो काकांच्या ट्रकमध्ये बसून निघाला होता. काका म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, नियमाचे पक्के. पण उत्तरेकडच्या बर्फाळ घाटमाथ्याच्या एका वळणावर गाडी थांबली की त्यांचंही इंजिन चालूच राही. त्यांचंच कशाला, सगळ्यांचंच. असं का, ते बघायला मास्तर आला होता.

दुपारी तीनच्या सुमाराला ते त्या वळणावर पोचले. पुढे बर्फ साचून रस्ता अडला होता. धुकं इतकं दाट, की पुढची काच संपली की जग संपलं. काकांनी जाड कोट चढवला.

"पुढे बघून येतो. इंजिन चालू राहू द्या, साहेब."

"कशासाठी?"

"इथे कुणी बंद करत नाही." काका दारात घुटमळले. "दोन वर्षांपूर्वी आपला लंबू इथेच गेला ना."

मास्तरने नजर वळवली. लंबू ड्रायव्हर याच वळणावर, बंद इंजिनाच्या केबिनमध्ये गारठून मेला होता. एक गोष्ट मात्र मास्तरशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. त्या दिवशी लंबूने त्याला फोन केला होता. "चालू करू का, साहेब? बोटं वळत नाहीत." मास्तर म्हणाला होता, "नियम सगळ्यांना सारखा. जरा कळ काढ, वर विचारून सांगतो." मग तो जेवायला बसला आणि साफ विसरला. चौकशीत त्याने सरळ कानांवर हात ठेवले.

काका धुक्यात दिसेनासे झाले. मास्तर घड्याळ बघत बसला. पाच मिनिटं झाली, सहा झाली. भुताच्या भीतीने डिझेल जाळायचं? उद्या जो तो हेच कारण सांगेल! त्याने किल्ली फिरवली, काढली आणि खिशात टाकली.

सगळं एकदम गप्प झालं. दाराच्या फटीतून, पायाखालच्या पत्र्यातून गारठा वर चढू लागला. ओल्या ब्लँकेटचा कुबट वास आला. मग सीटच्या मागून, ड्रायव्हरच्या झोपायच्या जागेवरच्या पडद्याआडून आवाज येऊ लागला... कट, कट, कट.

गरम पत्रा गार होताना वाजतो, तसं असेल. पण तो आवाज थांबत थांबत जातो. हा वाढत होता. कुणाचे तरी दात वाजत होते.

मास्तरने घाईघाईने किल्ली लावली, फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. साधी टिकही नाही. किल्ली उपसून त्याने दाराचा दांडा ओढला, तर तो गोठून घट्ट बसलेला. "काका!" तो ओरडला. तोंडातून वाफ निघाली. तशीच दुसरी वाफ त्याच्या खांद्यावरून पुढे आली.

"साहेब... फार वेळ झाला... चालू करू का?"

मास्तरची पाचावर धारण बसली. तोच आवाज. रागाचं नावही नाही, दोन वर्षांपूर्वीचीच अजिजी. रागावला असता तर इतकी भीती वाटली नसती.

"बोटं वळत नाहीत, साहेब..."

वळत तर मास्तरचीही नव्हती. किल्लीवरची मूठ तशीच आखडली होती. आता इथेच आपण संपणार, हे त्याला स्वच्छ कळलं. त्याने सगळा जीव एकवटला.

"कर... कर रे बाबा! चुकलं माझं... चालू कर!"

इंजिन धडधडून सुरू झालं. किल्ली मुठीतच होती.

काका परत आले. त्यांनी मास्तरचा चेहरा बघितला, पडदा सरकवून रिकामी जागा बघितली. "मीच त्याला चालू कर म्हटलं," मास्तर पुटपुटला. तासाभराने रस्ता मोकळा झाला.

संध्याकाळी यार्डात आल्यावर काकांनी इंजिन बंद करायला किल्ली फिरवली. इंजिन थांबेना. मेकॅनिकने बॅटरी सोडवली, शेवटी डिझेलचा पाइपच कापला. तरी ते चालूच. माणसं चार पावलं मागे सरकली.

"परवानगी तुम्ही दिलीत ना, साहेब?" काका हळूच म्हणाले. "मग बंद करायलाही तुम्हीच सांगा..."

मास्तरने तोंड उघडलं. मग ट्रककडे पाठ फिरवून तो चालू लागला. 'बंद कर' कसं म्हणणार? तेच एकदा सांगून त्याने एक माणूस मारला होता.

आज आठवा दिवस. ट्रक यार्डाच्या कोपऱ्यात धडधडतो आहे, टाकी कोरडी ठणठणीत. हीटर पूर्ण सोडलेला आहे. तरीही केबिनच्या काचेवर, आतल्या बाजूने, बर्फाचा थर रोज थोडा जाड होतो आहे.