तिसरा सिलिंडर

हरिहर वकिलांनी गाडी पाहायला बोलावलं तेव्हा शफीक मिस्त्रीला नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. अकोल्यात अकोट फैल वस्तीत त्याचं गॅरेज, आणि गॅरेजच्या मागच्या दारातून आत गेलं की घर. एरवी तिथे विहिरींवरच्या डिझेल इंजिनांची रीघ असायची. पण त्या वर्षांत विहिरींनाच पाणी नव्हतं. दुरुस्तीला टाकलेली इंजिनं न्यायला कोणी येईना; ती भिंतीशी ओळीनं बसून राहिली होती. पातूर रस्त्यावरच्या एका बंद जिनिंगमध्ये जुनी विलायती गाडी आहे, पाहता का, असं अमरावतीहून वकिलांनी विचारलं आणि शफीक हातातला कपडा टाकून निघाला.

जिनिंगच्या गोदामाचं कुलूप म्हाताऱ्या राखणदारानं, सूर्यभाननं उघडलं. दोघांना आत सोडून तो मात्र उन्हातच उभा राहिला. आत सरकीचा कुबट वास होता आणि कापसाच्या धुळीखाली ती गाडी होती. एमजी. दोनच सीट, लांब नाक, तारांची चाकं. वकिलांनी धुळीत बोट फिरवलं तर खालून गर्द लाल रंग दिसला.

"लहानपणी मी पातूरला मामाकडे यायचो ना, तेव्हा रोज संध्याकाळी ही गाडी जायची," हरिहर म्हणाले. "आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहायचो. इथलं सामान विकायला काढलं म्हणून कळलं आणि राहवलं नाही. होईल का हो चालू, शफीकभाई?"

शफीकनं पुढून हँडल घालून पाहिलं. तसूभरही हललं नाही.

"जाम हाय, वकीलसाहेब. पन मेलं नाई."

सूर्यभाननं बाहेरून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

गाडी अकोल्याला आली. शफीकनं तीन प्लग काढले, त्या भोकांतून रॉकेल आणि डिझेल सोडलं आणि इंजिन मुरत ठेवलं. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग तेवढा काही केल्या निघेना. गंजून एकजीव झाला होता. शफीक त्याला रोज थोडं तेल पाजायचा, थोडी आच द्यायचा.

एका दुपारी लोडशेडिंगमध्ये वीज गेली. अशा दुपारी गल्ली इतकी गप्प होते की शेजारच्या घरातलं भांडं वाजलेलं ऐकू यावं. अनवरी चहा घेऊन आली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. शफीकनं पान्याला जोर दिला. प्लग करकरला, आणि सुटला.

आतून हवा बाहेर आली. कोंडलेली हवा सुटते ती झटक्यात सुटते. ही सावकाश आली. लांब, कोमट, कोणीतरी कधीपासून छातीत धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी. तिला ना तेलाचा वास होता ना गंजाचा. कापराचा होता, आणि त्याखाली तापानं खूप दिवस निजून असलेल्या माणसाच्या अंथरुणाचा. अनवरीचा चेहरा नेमका त्या भोकावर होता. ती खोकत मागे झाली.

"कोनाचा वास हाय हा?" तिनं विचारलं.

'कशाचा' नव्हे, 'कोनाचा'. शफीकला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही.

त्या दिवसापासून अनवरीला खोकला लागला. पायऱ्या चढताना धाप लागायची, भाकरी थापताना मध्येच थांबावं लागायचं. वलगावला दिलेली लेक निखत येऊन आईला काढे पाजून गेली. शफीकनं हरिहर वकिलांजवळ विषय काढला, तर त्यांनी आपल्या गाडीतून अनवरीला अमरावतीच्या छातीच्या डॉक्टरकडे नेलं. माणूस भला होता. डॉक्टरनं फोटो काढला, तो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, फुप्फुसं अगदी स्वच्छ आहेत.

इकडे इंजिनाचं काम चालूच होतं. सिलिंडर लेथवाल्याकडून घासून आले, नवे पिस्टन बसले, मुंबईहून बेअरिंगं आली. गॅस्केट कुठे मिळेना, ते शफीकनं हातानं कापलं. असं काम त्याच्या हाताला जन्मात आलं नव्हतं. पोपटी रंग दिलेलं ते इंजिन गाडीत उतरवताना त्याला अंगात नवा सदरा घातल्यासारखं वाटलं.

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा ते अडखळत, ठसकत, धक्के देत चाललं. त्याच वेळी मागच्या घरात अनवरीला खोकल्याची उबळ आली. शफीकला वाटलं, धुरानं असेल.

त्या गाडीला दोन कार्बोरेटर. त्यांची जोडी कानानं जुळवावी लागते. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना फुसफुसते. दोन्हीकडची फुसफूस सारखी झाली की जोडी जुळली. शफीकनं पहिल्याला नळी लावली. फुसफूस. मग दुसऱ्याला लावली.

तिथेही फुसफूस होती. पण तिच्या आत आणखी काहीतरी होतं...

श्वास. आत जाणारा, मध्येच जरासा अडणारा, मग एक बारीकसा 'हं', आणि बाहेर. लग्न झाल्यापासून तो ह्या श्वासाशेजारी झोपत आला होता. अनवरीला झोप लागली की ती असाच 'हं' करायची.

त्यानं चावी फिरवली. इंजिन थांबलं, फुसफूस थांबली. नळीतला श्वास थांबला नाही. नुसता खोल गेला, बारीक झाला, विहिरीच्या तळाशी कोणी असावं तसा.

तो धावत घरात गेला. अनवरी भिंतीला टेकून बसली होती. ओठ काळपट पडले होते.

"आत्ता तं बरं वाटून राहिलं होतं," ती कशीबशी म्हणाली. "एकदम काय झालं..."

माणूस अशा गोष्टीवर लगेच विश्वास ठेवत नाही. शफीकनंही ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मागचं दार सताड उघडं ठेवलं, अनवरीला दारात पाटावर बसवलं आणि इंजिन चालू केलं. मग त्यानं कार्बोरेटरखालचा पितळी नट किंचित वर फिरवला. पेट्रोल कमी पडलं, इंजिन कोरडं चालू लागलं, आणि दारातून तिचा श्वास दोऱ्यासारखा बारीक येऊ लागला. त्यानं नट खाली फिरवला. इंजिन जड झालं, मागून काळा धूर निघाला, आणि तिच्या छातीत घुरघुर उठली. तिला यातलं काहीच कळत नव्हतं. ती डोळे मिटून बसली होती. शफीकच्या कपाळावरचा घाम इंजिनावर टपकत होता आणि चरचरत होता. आयुष्यात कुठल्याही नटाला त्यानं इतक्या हळू हात लावला नव्हता.

शेवटी जोडी जुळली. इंजिन शिवणयंत्रासारखं एका सुरात चालू लागलं. अनवरीनं डोळे उघडले, छाती भरून श्वास घेतला आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"काय केलं जी तुमी? हलकं वाटून राहिलं."

रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागेपर्यंत शफीकनं इंजिन बंद केलं नाही. बंद करताना तिच्याकडे पाठ केली.

पुढच्या सकाळी तो जिनिंगवर गेला. सूर्यभान निंबाखाली बसला होता. शफीकनं सगळं सांगितलं.

"भगवंतराव मालकाची गाडी होती ते," म्हातारा म्हणाला. "मालकीन सुभद्राबाईची छाती कमजोर. डाक्टरनं आशा सोडेल होती. मालक चांगले उंचपुरे, सोता चालवायचे; रोज संध्याकाळी बाईले बाजूले बसवून पातूरच्या घाटाकडे न्यायचे. गाडी चालू असली का बाई चांगल्या. वर्सामागून वर्सं काढले त्यांनी तसेच. मग एक दिवस घाटात गाडी बंद पडली. बाई बसल्या जाग्यावर गेल्या. बाई गेल्या म्हनून इंजिन बंद पडलं, का इंजिन बंद पडलं म्हनून बाई गेल्या... मालकाले आखरीपर्यंत नाई समजलं."

"तुमी तवाच काहून नाई सांगतलं, सूर्यभानजी?"

"सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं?"

शफीक उठला. हे खरंच होतं.

घरी येऊन त्यानं एक शेवटचा उपाय केला. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून अनवरीला त्या भोकापाशी वाकवलं आणि म्हणाला, श्वास ओढ. तिनं का म्हणून विचारलं नाही, ओढला. आत फक्त पेट्रोलचा वास होता. तिनं मान वर केली, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी पाहून तिला सारं कळलं. जे तो बोलला नव्हता तेही.

"मले अंदाज आलता," ती म्हणाली. "इंजिन बोलते तवा मी चालते."

"मी गाडी देत नाई."

"दुसऱ्याची चीज हाय, निखतचे अब्बा. किती दिवस ठेवसान?"

शेवटी त्यानं हरिहर वकिलांना सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही की वाद घातला नाही. चष्मा काढून पुसला. "मला हे पटत नाही, शफीकभाई," ते म्हणाले, "पण तुम्ही सांगता म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ गाडी चालू करीन. माझा शब्द."

गाडी न्यायला त्यांचा मुलगा ईशान आला. शफीकनं चावी त्याच्या हातात दिली आणि मागे न पाहता घरात येऊन अनवरीच्या उशाशी बसला. गल्लीतून गाडीचा आवाज दूर गेला, ऐकू येईनासा झाला. तिचा श्वास मात्र ऐकू येत होता. अकोल्याबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला तो लांब आणि भरदार झाला. मध्येच तुटक पडू लागला, तेव्हा शफीकला वाटलं, मूर्तिजापूरची गर्दी असेल, गिअर खाली आला. पुन्हा वेग. पोरगा जोरात चालवत होता. अनवरीची छाती भात्यासारखी उडत होती, मुठीत चादर आवळली गेली होती. शफीक तिचा हात धरून होता आणि मनातल्या मनात कुणा परक्या पोराच्या पायाला विनवत होता, हळू, बेटा, हळू. मग गती उतरली. बंद करण्याआधी लोक उगाच एकदा ॲक्सिलरेटर दाबतात. तसा एक मोठा श्वास तिच्या छातीत भरून आला, आणि सगळं बारीक झालं.

हरिहर वकिलांनी शब्द पाळला. रोज सकाळी अनवरीच्या चेहऱ्यावर रंग यायचा, ती उठून चूल पेटवायची. संध्याकाळी पुन्हा थोडा वेळ. मधले तास ती पडून काढायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. जगण्याची अशीही सवय होते.

मग वकिलांना बहिणीच्या आजारपणासाठी पुण्याला जावं लागलं. जाताना त्यांनी मुलाला बजावलं होतं, हे नंतर कळलं. पण ईशानला नांदगाव पेठेजवळ महामार्गावर हॉटेल उघडायचं होतं आणि दर्शनी हॉलमध्ये काचेमागे त्याला ती लाल गाडी हवी होती.

त्या सकाळी अनवरीच्या चेहऱ्यावर रंग आला नाही. दुपारी शफीकनं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. वॉर्डात खाट नव्हती; त्या दिवसांत कधीच नसायची. फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं खाटेखाटेवर होती, आणि डॉक्टर एकाच्या नाकातली नळी काढून दुसऱ्याकडे धावत होते. अनवरीला खाली गादीवर निजवलं. ऑक्सिजन लावला, पण सिलिंडरची हवा तिच्या छातीपर्यंत पोचतच नव्हती. तिचा श्वास खरखरू लागला होता, लोखंडावर लोखंड घासावं तसा.

त्या आवाजाचा अर्थ शफीकला कळत होता. त्यानं ईशानला फोन लावला.

"बेटा, गाडी..."

"काका, मस्त दिसून राहिली," ईशान आनंदानं म्हणाला. "आत ठेवायची म्हणून पेट्रोल सकाळीच काढलं. आता ऑइल काढून राहिले. तुम्ही या ना एकदा पाहायला."

"परत टाक," शफीक म्हणाला. "लवकर टाक, बेटा. चालू कर."

"का हो? काय झालं?"

काय झालं ते तो कोणत्या शब्दांत सांगणार होता? त्यानं तोंड उघडलं. अनवरीनं त्याच्याकडे पाहून नको अशी मान हलवली. एक 'हं' आला. त्याच्यामागचा श्वास आला नाही.

"काका? हॅलो... काका?"

शफीकनं गॅरेज बंद केलं. निखत त्याला वलगावला घेऊन गेली. जावयाच्या दारात बसून तो दिवस ढकलू लागला. हरिहर वकील येऊन त्याच्यापुढे मान खाली घालून बसून गेले.

पावसाळा सरत आला तेव्हा ईशानचा फोन आला. गाडीत ओल धरतेय, कुठून येते समजत नाही, एकदा पाहून जाता का. शफीकला जायचं नव्हतं. तरी तो गेला.

सकाळची वेळ होती. हॉटेलच्या हॉलमध्ये लख्ख ऊन आलं होतं. काचेच्या खोलीत गाडी उभी होती, कापडी टप चढवलेली, आरशासारखी पुसलेली. बॅटरी काढलेली, टाकी कोरडी. झाडलोट करणारी बाई फडकं घेऊन शेजारी उभी होती. तिनं पुढच्या काचेकडे बोट दाखवलं. बाजूच्या सीटसमोर, आतल्या अंगानं, काचेवर तळहाताएवढी वाफ धरली होती. शफीक पाहत राहिला. वाफ विरली. थोड्या वेळानं, मध्येच जराशी अडत, पुन्हा धरली. पुन्हा विरली.

"पुसलं का पुन्हा येते, चाचा," बाई हळू आवाजात म्हणाली. "पह्यले इकडंच येत होतं."

"मंग?"

"परवापासून तिकडंही येऊन राहिलं."

शफीकनं पाहिलं. चालवणाऱ्याच्या बाजूला, स्टीअरिंगच्या वर, उंच माणसाचं तोंड येईल तिथे, काचेवर दुसरी वाफ हळूहळू धरत होती.